अतिविष जपून झिजवा

घरात बाळगुटीचा डबा असेल तर आज तो एकदा खाली काढा. जुना लाकडी डबा असेल, नाहीतर दुकानातून आणलेल्या संचाचं प्लॅस्टिकचं खोकं असेल. त्यातली औषधं ताटात ओता आणि एकेक हातात घेऊन स्वतःला विचारा: हे झाडाचं काय आहे, आणि हे काढून घेतल्यावर त्या झाडाचं पुढे काय झालं?

खारीक आणि बदाम ही फळं. जायफळ ही फळातली बी. बाळहिरडा म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ. मुरुडशेंग तर आपल्याच सह्याद्रीतल्या झुडपाची पिळदार शेंग. ही सगळी झाडं फळ देऊन जागच्या जागी उभी राहतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा फळतात. हळकुंड आणि सुंठ जमिनीखालून येतात खरी, पण ती शेतातली. शेतकरी त्यांचं बेणं राखून ठेवतो आणि पुन्हा मातीत लावतो.

मग हाताला लागतो बोटाच्या पेराएवढा, राखाडी, एका टोकाला निमुळता झालेला तुकडा. मोडला तर आत पिठासारखा पांढरा. हे अतिविष. काष्ठौषधीचे दुकानदार त्याला अतिविषाची कळी म्हणतात. दिसायला ती कळीसारखीच दिसते, पण आहे तो कंद. तो उपटला की रोप संपलं. डब्यातला हा एवढासा तुकडा कधीकाळी हिमालयातलं एक अख्खं रोप होता, आणि ते बहुतेक वेळा कुणी लावलेलं नव्हतं, आपलं आपण उगवलेलं होतं.

माझं सांगणं या एका तुकड्याबद्दल आहे.

आमच्या घरी गुटी उगाळायचं काम आजीकडे होतं. सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब, आणि मग प्रत्येक औषधाचे मोजून वळसे. बाळाचं पोट बिघडलं तर अतिविषाचा एक वळसा जास्त, एरवी एक किंवा दोनच. एका वळशात किती झिजतं? कणभर. त्यामुळे एकच कळी आमच्या घरातल्या तिघा भावंडांना पुरली, मधे शेजारच्या वहिनींकडे जाऊन आली आणि तरी डब्यात उरली. आजीला हिमालय माहीत नव्हता. पण ही वस्तू लांबून येते, महाग आहे आणि जपून वापरायची आहे एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आज मला त्या जपणुकीची आठवण करून द्यायची आहे, कारण आता ती जपणूकच कळीपेक्षाही दुर्मीळ झाली आहे.

अतिविष वाढतं ते पश्चिम हिमालयात: काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, आणि सीमेपलीकडे पाकिस्तान व नेपाळच्या काही भागात. जगात दुसरीकडे कुठे ते आपण होऊन उगवत नाही. उंची साधारण अडीच हजार ते चार हजार मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. त्याच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई रचलं तर जी उंची होईल, तिथे अतिविषाचं घर आहे.

त्या घराचा एक कोरडा कोपरा म्हणजे हिमाचलातलं लाहौल आणि त्याच्या खालच्या अंगाचं पांगी खोरं. पीर पंजालची रांग पावसाळी ढग दक्षिणेलाच अडवते, त्यामुळे पलीकडे पाऊस नावापुरता पडतो. तांदीला चंद्रा आणि भागा एकत्र येतात, आणि ती चंद्रभागा उघड्या, भुऱ्या डोंगरांच्या कुशीतून पांगीकडे उतरते. चंद्रभागा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पंढरपूर उभं राहतं, पण ही वेगळी नदी. पुढे तीच चिनाब होते. या कोरड्या मुलखात जे काही हिरवं आहे ते बर्फावर जगतं. हिवाळ्यात साचलेलं बर्फ उन्हाळ्यात हळूहळू वितळतं, आणि त्याचा ओलावा जिथे टिकतो, त्या उतारांवर आणि उंचावरच्या कुरणांत गवताच्या सोबतीने अतिविष उगवतं. तिथले लोक त्याला पतीस म्हणतात.

त्याला वाढायला वर्षातले चार-पाच महिनेच मिळतात. बर्फ उठलं की कोंब वर येतो. गुडघ्या-कमरेएवढी उंची, खालची पानं देठाची आणि कातरलेली, वरची देठाविना खोडाला बिलगलेली. ॲकोनिटम हेटेरोफायलम हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि त्यातल्या हेटेरोफायलमचा अर्थच निरनिराळ्या पानांचं. श्रावण-भाद्रपदात फुलं येतात. निळसर-हिरवट रंग, त्यावर जांभळ्या रेघा, आणि वरची पाकळी पुढे वाकून आलेली, बाळाच्या टोपड्यासारखी. त्या टोपड्यात शिरू शकतील असे गुबगुबीत भुंगेच त्याचं परागीभवन करतात. बी पिकतं ते सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात, पहिल्या बर्फाच्या अगदी तोंडावर.

जमिनीखाली काय चालतं ते समजून घेतलं तर पुढचं सगळं समजेल. तिथे कंदांची जोडी असते. एक जुना, म्हणजे आईकंद. त्याने साठवलेल्या अन्नावर यंदाचं रोप वर येतं, आणि ते देता देता तो रिकामा होऊन सुकतो. त्याला लागूनच नवा कंद भरत असतो, तो पुढच्या वर्षाचा. बी रुजून पुरता कंद व्हायला तीन-चार वर्षं सहज जातात. म्हणजे हे झाड दोन वाटांनी पुढे जातं: बियांतून आणि लेककंदातून.

आता ऑगस्टमध्ये कुणी कुदळ घेऊन आलं असं समजा. बी अजून कोवळं आहे, लेककंद भरतो आहे. कुदळीच्या एका घावात दोन्ही कंद वर येतात आणि बियांसकट रोप बाजूला फेकलं जातं. पुढे जायच्या दोन्ही वाटा एकाच वेळी बंद. वाळल्यावर कंद इतका हलका होतो की एक किलो भरायला शेकडो रोपं लागतात. बाजारात त्या किलोला हजारो रुपये मिळतात. त्यामुळे कुदळ थांबत नाही.

निसर्ग संवर्धनासाठी काम करणाऱ्या आय.यू.सी.एन. या जागतिक संघाच्या लाल यादीत अतिविष ‘धोक्यात’ या वर्गात आहे. नैसर्गिक अधिवासातून नामशेष होण्याचा धोका फार मोठा, असा त्याचा साधा अर्थ. त्याच यादीत आपल्या ओळखीच्या आणखी दोन वनस्पती त्याहून वरच्या, ‘अतिशय धोक्यात’ या वर्गात आहेत. एक जटामांसी, जी दिवाळीच्या उटण्यात असते. दुसरी कोष्ठ, जिला आपल्याकडे उपलेटही म्हणतात. तिन्ही हिमालयातल्या, आणि तिन्हींचा जमिनीखालचा भागच औषधाला लागतो. हा योगायोग नव्हे. ज्या वनस्पतीचं मूळच विकलं जातं, तिचं रोप कापणीनंतर उरत नाही.

भारतातल्या औषधी वनस्पतींच्या व्यापाराची 2017 साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की 1,178 जातींची खरेदी-विक्री होते, आणि त्यातल्या 242 जाती वर्षाला 100 टनांहून जास्त लागतात. एवढ्या मोठ्या बाजारात आपल्या डब्यातली कळी कुणाच्या लेखी आहे, असं वाटेल. पण बाजार आपल्यासारख्यांच्या डब्यांचाच बनलेला आहे. पूर्वी एक कळी एका घराला पुरायची. आता प्रत्येक बाळामागे नवा संच येतो. बारशाच्या भेटीतही येतो, कधी एकाच बाळाला दोन-तीन. त्यातले कित्येक सहाणेला लागतही नाहीत.

आणि न वापरलेलं अतिविष टिकत नाही. आपल्या निघंटूंनी त्याला दिलेल्या नावांत एक नाव आहे ‘घुणप्रिया’, म्हणजे घुणीला, आपल्या साध्या भाषेत पोखरणाऱ्या भुंग्याला, आवडणारी. नाव अगदी खरं आहे. आमच्याच घरी एका भाचीसाठी आणलेला संच दोन वर्षांनी उघडला, तेव्हा बाकी सगळं जसंच्या तसं होतं आणि अतिविषाच्या जागी पांढरा भुगा होता. तीन-चार वर्षं डोंगरात बर्फाखाली तगलेली ती रोपं आमच्या कपाटात भुंग्यांनी खाल्ली. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

कुदळ धरणाऱ्याला मात्र दोष देऊ नका. पांगीतल्या किलाडपर्यंत जाणारी साच जोतीची, म्हणजे साच खिंडीची, वाट सुमारे 4,400 मीटरवरून जाते आणि वर्षातले मोजके महिनेच उघडी असते. अशा खोऱ्यात शेती एका हंगामाची. बाकी मिळकत मेंढ्यांची, नाहीतर पतीससारख्या जडीबुटीची. उन्हाळ्यात विकलेल्या कंदांवर मुलांच्या शाळेचा आणि हिवाळ्याच्या शिध्याचा खर्च निघतो. या लोकांच्या आजे-पणज्यांनाही कळत होतं की पान पिवळं पडल्यावर, बी झडल्यावरच खोदावं आणि बारके कंद परत मातीत दडपावेत. पण जेव्हा खालून माणसं येऊन आधीच खोदू लागतात, तेव्हा थांबणारा मागे राहतो. मी थांबलो तर दुसरा नेईल, हा हिशेब माणसाला हतबल करतो. तिथेही आणि इथेही.

नुसत्या बंदीने हे सुटत नाही. कुल्लूच्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कची अंतिम अधिसूचना 1999 साली निघाली, आणि आतल्या कुरणांत जडीबुटी काढणं व मेंढ्या चारणं बंद झालं. आज ते उद्यान जागतिक वारसास्थळ आहे, आणि तिथल्या वनस्पतींना आसरा मिळाला हे चांगलंच झालं. पण तीर्थन आणि सैंज खोऱ्यांतल्या ज्या घरांची चूल त्या जडीबुटीवर पेटत होती, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. जंगल राखण्याचा सगळा भार जंगलाशेजारच्या गरिबाने उचलायचा आणि आपण मागणी तशीच ठेवायची, हा न्याय नव्हे.

खरा उपाय कोष्ठाच्या गोष्टीत दिसतो, आणि त्या उपायाची मर्यादाही तिथेच दिसते. कोष्ठाची लागवड लाहौलमध्ये सुमारे शंभर वर्षांपूर्वी सुरू झाली. तिथल्या शेतकऱ्यांनी हे पीक आपलंसं केलं आणि त्यावर पैसाही कमावला. दुसरीकडे रानातलं कोष्ठ इतकं घटलं की 1985 साली वन्यजीव व्यापाराच्या सायटीस करारात ते सगळ्यात कडक यादीत गेलं, आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही मोजक्या वनस्पतींमध्ये त्याला जागा दिली. म्हणजे लागवडीमुळे औषध मिळत राहिलं, पण रानाला वाचवायला ती उशिरा आणि अपुरी पडली. पुढे बटाटा आणि वाटाणा जास्त पैसे देऊ लागले, तसे शेतकरी तिकडे वळले. यात त्यांचं काही चुकलं नाही. ज्या पिकाला खात्रीचा गिऱ्हाईक नाही, ते पीक कुणी आपल्या शेतात चार वर्षं का राखावं?

अतिविषाचं आज तेच होतं आहे. लागवड जमते. गढवालमधल्या श्रीनगरचं ‘हॅप्रेक’ हे विद्यापीठाचं संशोधन केंद्र, गोपेश्वरची जडीबुटी संस्था, पालमपूरची हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्था अशा ठिकाणी उंचावरच्या औषधी वनस्पतींच्या लागवडीवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. पण शेतकऱ्याला तीन-चार वर्षं थांबावं लागतं, आणि ज्या दिवशी तो कंद बाजारात नेतो त्या दिवशी शेजारच्या पोत्यात रानातून फुकट खोदलेलं अतिविष असतं. दोन्ही दिसायला सारखी. गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून व्यापारी विचारत नाही. व्यापारी विचारत नाही, म्हणून लावणाऱ्याला जास्त दाम मिळत नाही.

ही साखळी आपण आपल्या टोकाकडून हलवू शकतो. त्यासाठी काय करायचं ते सांगते.

पहिली गोष्ट बाळाची. जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञ एकमुखाने सांगतात की पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं. पाणीही नको, मध नको आणि गुटीही नको. हे मनापासून पाळा. आजीचा मान राखून तिलाही समजावून सांगा. तिच्या काळी जे ज्ञान होतं त्यानुसार ती वागली, आपल्या काळी जे आहे त्यानुसार आपण वागायचं. पुढे गुटी द्यायची का, कोणती, किती, हे डॉक्टरांना आणि शिकलेल्या वैद्यांना विचारूनच ठरवा. म्हणजे बाळ घरी यायच्या आधीच संच घेऊन ठेवायची गरज नाही. बारशाला काय न्यावं हा प्रश्न पडला तर दुपटं न्या, झबलं न्या, पुस्तक न्या.

दुसरी गोष्ट डब्याची. घरात, भावाकडे, नणंदेकडे आधीचा संच आहे का ते आधी विचारा. वैद्यांनी अतिविष द्यायला सांगितलंच, तर पुरती पुडी न घेता एक-दोन कळ्या सुट्या घ्या. कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ऊन दाखवा. उगाळून झाल्यावर कळी पुसून, वाळवूनच परत ठेवा. ओली ठेवली तर बुरशी धरते. बुरशी किंवा भुंगा लागलेलं औषध बाळाला कधीही देऊ नका. आपलं काम झालं की चांगली कळी पुढच्या घरी द्या. आपल्याकडे बाळंतविडा फिरतो, पाळणा फिरतो, तशी ही कळीही फिरू द्या.

तिसरी गोष्ट दुकानाची, आणि सगळ्यात महत्त्वाची. काष्ठौषधीच्या दुकानात गेलात, किंवा अतिविष घातलेलं कोणतंही तयार चूर्ण, काढा, गुटी घेतलीत, तर एक प्रश्न विचारा: “हे लागवडीचं आहे की रानातलं?” पहिल्यांदा दुकानदाराला उत्तर देता येणार नाही. रागावू नका, वाद घालू नका. तो माल त्याच्याकडे चार हातांतून आलेला असतो. पण पुढच्या वेळी पुन्हा विचारा. खोक्यावर कंपनीचा ग्राहक क्रमांक असतो, तिथेही विचारा. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ आणि भारतीय गुणवत्ता परिषद यांची औषधी वनस्पतींच्या मालासाठी स्वेच्छा प्रमाणपत्राची योजना आहे. तसं प्रमाणपत्र आहे का हे विचारायचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. शंभर गिऱ्हाइकांनी विचारलेला प्रश्न दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला विचारतो, आणि तिथून तो डोंगरापर्यंत पोचतो.

असं घडू शकतं, याचं उदाहरण आपल्याच अंगणात आहे. भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळी समाजातली माणसं हिरडा आणि बेहडा गोळा करतात. पुण्याच्या ‘ए.ई.आर.एफ.’ या संस्थेने त्यांच्यासोबत काम करून त्या फळांना ‘फेअरवाइल्ड’ या जागतिक मानकाचं प्रमाणपत्र मिळवून दिलं. किती फळं घ्यायची, किती झाडावर आणि पाखरांसाठी ठेवायची, याचे नियम ठरले, आणि नियम पाळणाऱ्याला चांगला भाव मिळाला. त्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. झाडाला भाव आला, तसं धनेशाचं घरही सांभाळलं गेलं. अतिविषाचं काम यापेक्षा अवघड आहे, कारण इथे फळ नाही, कंद आहे. पण जबाबदारीने काढणाऱ्याला जास्त दाम देणारा गिऱ्हाईक असला तर काय होतं, हे भीमाशंकरने दाखवलं आहे.

चौथी गोष्ट स्वस्ताची. अतिविषाच्या भावापेक्षा फारच कमी भावात कुणी ते देत असेल तर घेऊ नका. जितकी वस्तू दुर्मीळ तितकी भेसळ जास्त. अतिविष स्वतः विषारी मानलं जात नाही, पण बचनाग त्याच्याच कुळातला आहे आणि तो जहाल विषारी आहे. चव घेऊन ओळखायचा प्रयोग घरी कधीच करू नका. ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

पाचवी गोष्ट वैद्यमंडळींसाठी. आयुर्वेदाने लहान मुलांच्या औषधांत अतिविषाला इतका मान दिला की त्याचं एक नावच ‘शिशुभैषज्य’ आहे. त्याच शास्त्राने हेही सांगून ठेवलं आहे की एखादं द्रव्य मिळेनासं झालं तर त्याच्या जागी काय घ्यावं. त्या अभाव-प्रतिनिधी द्रव्यांत अतिविषाच्या जागी मुस्ता, म्हणजे मोथा, सांगितला आहे. बेंगळुरूच्या संशोधकांनी या जोडीचा आधुनिक पद्धतीने अभ्यासही केला आहे. आणि मोथा कुठे मिळतो? आपल्या शेतकऱ्याने ज्याच्यापुढे हात टेकले आहेत, तो बांधावरचा लव्हाळा म्हणजेच मोथा. उपटून उपटून संपत नाही. एकीकडे उपटून संपणारी वनस्पती, दुसरीकडे उपटून न संपणारी. जिथे शास्त्र परवानगी देतं आणि रोग्याच्या हिताला बाध येत नाही, तिथे तुम्ही चिठ्ठीवर मोथा लिहिलात, तर तुमच्या एका चिठ्ठीने आमच्या दहा डब्यांहून जास्त काम होईल. रोग्यांनी मात्र हा बदल आपल्या मनाने करू नये, वैद्यांना विचारावं.

सहावी गोष्ट ट्रेकर मित्रमैत्रिणींसाठी. दरवर्षी आपल्याकडून कितीतरी मंडळी हंपता, स्पिती, लाहौल, उत्तराखंड गाठतात. ऑक्टोबर 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलला पोचणं तासा-दोन तासांवर आलं आहे. जरूर जा. पण वाटेवर कुणी ताजे कंद, मुळ्या, जडीबुटी विकायला बसलं असेल तर ‘आईसाठी घेऊन जाऊ’ म्हणून घेऊ नका. टोपड्यासारखं निळसर फूल दिसलं तर फोटो काढा, हात लावू नका. कुरणावर तंबू ठोकताना गाईडला विचारा, ठरलेल्या जागेवरच ठोका. 2018 साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्याळांवर, म्हणजे तिथल्या उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचे मुक्काम बंद केले, त्यामागे ही कुरणं जपण्याचंच कारण होतं. आणि त्या खोऱ्यात राहाल ते गावकऱ्यांच्या घरी राहा, जेवाल ते त्यांच्या चुलीवरचं. त्यांच्या घरी आलेला प्रत्येक रुपया कुदळीवरचा भार थोडा हलका करतो.

शेतकरी भावांनाही एक कळकळीचा इशारा. ‘अतिविष लावा, लाखो कमवा, रोपं आम्ही देतो, माल आम्हीच घेतो’ असं कुणी महाराष्ट्रात येऊन सांगत असेल तर पैसे गुंतवू नका. सफेद मुसळीच्या लाटेत आपल्याकडे अनेकांचे हात पोळले होते, ते विसरू नका. अतिविषाला बर्फ लागतं, ती उंची लागते. ते पीक पांगीच्या आणि लाहौलच्या शेतकऱ्याचं आहे. त्याला ते पिकवू दे, आपण ते योग्य भावात घेऊ.

कुणी म्हणेल, मी एकट्याने एक कळी कमी घेतली तर असा काय फरक पडणार? असाच प्रश्न डोंगरावरच्या माणसालाही पडतो: मी एकट्याने ऑक्टोबरपर्यंत थांबून काय होणार? दोन्ही प्रश्न एकाच दोरीची दोन टोकं आहेत. त्याला थांबणं परवडावं, यासाठी आपल्या टोकाने आधी थोडं सैल व्हायला हवं. कमी घेतलं, लागवडीचं मागितलं, त्याचा रास्त दाम दिला, की तो दाम त्या टोकाला जाऊन कुदळ थोडे आठवडे थांबवतो. ते थोडे आठवडे म्हणजे बी पिकून मातीत पडायचा काळ.

म्हणून पुन्हा त्या ताटाकडे या. औषधं एकेक करून डब्यात भरा. अतिविषाची कळी शेवटी उचला, फडक्याने पुसा, भुंगा लागलेला नाही ना ते पाहा आणि कोरड्या बाटलीत ठेवून झाकण घट्ट लावा. बाटलीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि तिच्यावर लिहा की ही कुणाकुणाच्या बाळाला लागली. आमच्या बाटलीवर आता चार नावं आहेत. पाचव्या नावाला जागा ठेवली आहे.